घागर एक, रिकामी

मोडी वाचता येणारी माणसं आता कोल्हापुरात
हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी.
त्यातला मी एक, तोही दीड डोळ्याचा;
डाव्यात मोतीबिंदू पिकायला ठेवलाय.

दफ्तरखान्यात रुमाल सोडला
की आधी शिंक येते,
मग माणसं.

हा रुमाल कटाचा.
दसऱ्याला सोनं लुटायच्या वेळी
सलामीच्या पाच तोफांतली तिसरी
खरी भरायची. गोळ्यासकट.
तोंड चार बोटं खाली, शामियान्याकडं.
तिथं मसनदीवर दत्तक महाराज, वय वर्षे नऊ,
उजवीकडं कारभारी, डावीकडं गोरा साहेब,
ज्याच्या एका सहीनं गडावरच्या
तीनशे घरांची वतनं गेली होती.
एका बारात गादी आणि सरकार,
असं येसबा सरनोबत म्हणाला,
कपिलतीर्थामागच्या तालमीत
लाल मातीवर बोटानं शामियाना काढून.
मग त्यानं तो पायानं पुसला.
(जबानी तिसरी, पान सतरा.)

बेलभंडारा उचलला गेला.
बालेखान गोलंदाजानं कुराणावर हात ठेवला.

पहिली वाजली. दुसरी वाजली.
माळावरचे कावळे उठले, फिरून बसले.
तिसरीच्या कान्याला बत्ती लागली
आणि ती नुसतीच खोकली,
गाभण म्हशीसारखी.
महाराज हसले म्हणे.
चौथी वाजली.
मग लोक आपट्याच्या फांद्यांवर तुटून पडले.

पुढं काय, ते ठरलेलंच.
येसबा फासावर. चौघं काळ्या पाण्यावर.
बेडी ठोकताना ते चौघं बालेखानावर थुंकले,
फितूर म्हणून.
तोही त्यांच्याच बेडीत होता,
आणि शेवटपर्यंत एकच सांगत होता:
मी कोरडी भरली होती.

पंचनाम्यात लिहिलंय:
तोफ एक. आत गोळा एक.
दारू ओली.

इथं मी भिंग ठेवलं, चहा मागवला.
ओली कशानं?
त्याच साली, त्याच आश्विनातले,
विहिरी आटल्याचे अर्ज शेजारच्या रुमालात आहेत,
मीच लावलेत ते.
पुन्हा पंचनाम्याकडं आलो.
गाड्याखाली सापडलेला ऐवज:
पलिते दोन. गज एक. भाकरीचं फडकं.
घागर एक, रिकामी.

हुसेनबी, बालेखानाची बायको. जबानी अर्ध्या पानाची.
‘पाटं नवऱ्याची भाकरी घिऊन गेलते.
त्यो आंगुळीला गेलता.
घागर कशाला न्हेली? पाणी प्यायला.
पाणी कुटं गेलं? प्यालं आसंल कुणीतरी.’

महाराजांना कधी पाहिलंस?
‘येकदा. रंकाळ्यावर.
हत्तीवरनं उतरताना रडत हुतं.
भवती एवढी मान्सं,
कुणी कडंला घीना.’

कारकुनानं ‘हुतं’वर काट मारलीय,
वर बारीक अक्षरात लिहिलंय, ‘होते’.
खाली शेरा:
बाई अडाणी. उपयोग नाही. सोडून दिली.

येसबाचं खोटं नव्हतं.
वतनं परत मिळाल्याचा एकही कागद
मला चाळीस वर्षांत सापडलेला नाही.
आणि बालेखान सुटून आल्याचाही नाही.
ती त्या पहाटे काय काय ओतून आली,
तिला तरी ठाऊक होतं का?
का नुसतंच, एक रडतं पोर
आणि हाताशी भरलेली घागर?

साहेबांना सूची हवी आहे सोमवारपर्यंत.
विषय: कट. फसलेला.
कारण, या रकान्यात मी पेन टेकवलं
आणि उचललं.

नक्कल मात्र केली.
त्या ओळीशी आलो तेव्हा
कारकुनाची काट सोडून दिली,
आणि स्वच्छ, ठळक, देवनागरीत उतरवलं:
रडत हुतं.